जुन्नरला फक्त शिवनेरीसाठी जाऊ नका

जुन्नरला मी याआधी दोनदा गेले होते. एकदा शाळेच्या सहलीला, शिवनेरी चढलो, शिवाईला नमस्कार केला, जन्मस्थानातला पाळणा बघितला, डबे खाल्ले आणि बसमध्ये बसलो. दुसऱ्यांदा लग्नानंतर अष्टविनायकाच्या गाडीतून, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं, उतरलो, ओझरला गेलो, दर्शन घेतलं आणि पुढे. दोन्ही वेळा जुन्नर गावात पायसुद्धा ठेवला नव्हता, आणि तरी कोणी विचारलं की "जुन्नर झालंय का?" तर मी "हो हो, झालंय" म्हणायचे.

ह्या वेळी मात्र चार दिवस राहिलो. नवऱ्याची आत्या जुन्नरच्या जुन्या पेठेत राहते, चाळीसेक वर्षं झाली तिला तिथे, आणि दर फोनला "येतो येतो म्हणता आणि येत काही नाही" हे ऐकून शेवटी सप्टेंबरच्या मध्यात लेकीची दोन दिवस शाळा बुडवली, शनिवार-रविवार जोडला आणि निघालो. पुण्याहून नाशिक हायवेने राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव, तिथून डावीकडे आत वळायचं. सगळं मिळून नव्वदच्या आसपास किलोमीटर. सप्टेंबर मुद्दाम निवडला होता, पाऊस ओसरत आलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि जुलै-ऑगस्टच्या वीकेंडची गर्दी संपलेली असते.

रात्री जेवताना मी प्लॅन सांगायला लागले, उद्या शिवनेरी, परवा लेण्याद्री, मग वेळ उरला तर बाकीचं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं आधी घाट बघा. नाणेघाट बघितल्याशिवाय जुन्नर कळायचं नाही तुम्हाला." हे तिचे सासरे म्हणायचे. का ते विचारलं तर म्हणाली, "ते काय मला सांगता यायचं नाही, पण मामंजी सांगायचे." आणि मग तव्यावरची भाकरी उलटून तिने सांगितलं की ती स्वतः लग्नानंतर एकदाच गेली होती घाटात, पण वरच बसून राहिली होती, खाली लेण्यात उतरलीच नव्हती, कारण सगळे म्हणाले खाली अवघड आहे, बायकांनी कशाला उतरायचं. पुरुष मंडळी जाऊन आली, हिने वर शेंगा निवडल्या. पुढे चाळीस वर्षांत परत जाणं झालं नाही.

तर पहिला दिवस नाणेघाट. जुन्नरमधून आपटाळ्यावरून घाटघरचा रस्ता धरायचा, वाटेत बराच वेळ माणिकडोहचं पाणी सोबत असतं, चावंडचा किल्ला लागतो, आणि जसजसं पश्चिमेला जावं तसतशी भाताची खाचरं आणि हिरड्याची झाडं सुरू होतात. ह्या पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, कोवळा हिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा एक मोठा भाग आहे. सोनकी फुललेली होती, आख्खं पठार पिवळं. आणि मग एकदम जमीन संपते. खरंच संपते. समोर कोकण, खाली मुरबाडकडची गावं, बाजूला नानाचा अंगठा म्हणतात तो सुळकेवजा कडा, डावीकडे जीवधन आणि त्याला लागून उभी वानरलिंगी. वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. पावसाळ्यात इथला धबधबा उलटा वर उडतो ते ह्याच वाऱ्यामुळे, कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि पडणारं पाणी परत वर फेकतो. आम्ही गेलो तेव्हा धार बारीक होती, पण तेवढीसुद्धा सरळ खाली पडत नव्हती, लेकीने तोंड पुढे करून ते तुषार घेतले आणि पाच मिनिटांत ओली झाली.

वर वाटेच्या कडेला एक दगडी रांजण आहे. एकाच दगडात कोरलेला, मोठा, आत हात घातला तर तळ लागत नाही. ह्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात, घाटाच्या नावाचा संबंधही त्या नाण्यांशी जोडतात. त्याच्या पुढून वाट खाली घळीत उतरते आणि थोडं उतरलं की ते लेणं. तसं साधंच, चौकोनी खोली, तीन बाजूंनी दगडी बाक, मूर्ती नाही, नक्षी नाही. पण भिंतीवर टॉर्च तिरका मारला (सरळ मारला तर काही दिसत नाही, बाजूने मारायचा) आणि भिंतभर अक्षरं उठून आली. ओळीच्या ओळी. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची.

हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा आहे. सातकर्णी राजाची बायको. तिच्या आणि राजाच्या यज्ञांची यादी आहे, अश्वमेध दोनदा, राजसूय, आणि प्रत्येक वेळी काय काय दान दिलं ते, गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सगळं आकड्यांत. भारतातले अगदी सुरुवातीचे लिहिलेले अंक ज्या थोड्या ठिकाणी सापडतात त्यातलं हे एक. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, यम-वरुण-कुबेर अशा देवांना नमस्कार आहे. मला ह्यातलं वाचता काहीच येत नाही, घरून वाचून गेले होते तेवढंच, पण एक-दोन अक्षरं ओळखीची वाटायला लागतात. आणि समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, एक महारठी म्हणजे मोठा सरदार. होते. आता वर फक्त नावं आहेत आणि खाली पायांच्या खुणा. लेक बराच वेळ त्या पायांकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाकीचे कुठे गेले?"

तिथे बाकावर बसल्यावर आत्याच्या सासऱ्यांचं म्हणणं मला कळायला लागलं. सोपारा, कल्याण ही तेव्हाची बंदरं. तिथे जहाजातून उतरलेला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर ह्या घळीतून वर चढायचा, आणि वर आल्यावर पहिली मोठी पेठ कुठली तर जुन्नर. तिथून पुढे पैठण. म्हणजे जुन्नर आधी गड म्हणून किंवा तीर्थ म्हणून मोठं झालेलं नाही, ते रस्त्यावरचं गाव आहे. ह्या वाटेने चढून आलेला माणूस जिथे पाणी पीत असेल, माल उतरवत असेल, हिशोब करत असेल ते गाव. हे एकदा डोक्यात बसलं की नंतरचे तीन दिवस जे जे बघितलं ते सगळं ह्या एका घळीला येऊन जोडलं जात होतं.

एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. त्या भिंतीवर लोकांनी आपली नावं कोरलीयत. बदाम, बाण, तारखा. दोन हजार वर्षं ऊन पाऊस वारा सोसलेल्या अक्षरांच्या शेजारी. माझे हातपाय थरथरायला लागले ते बघून, इतका राग आला. मुलांना घेऊन जाल तेव्हा आत शिरायच्या आधीच सांगा की भिंतीला हात लावायचा नाही, टेकायचं पण नाही.

दुसऱ्या दिवशी लेणी. जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत, एका गावाभोवती इतकी देशात दुसरीकडे नाहीत असं अभ्यासक सांगतात. शिवनेरीच्या पोटात, मानमोडीच्या डोंगरात, तुळजा लेण्यात आणि लेण्याद्रीला. सगळी बौद्ध, बहुतेक इसवी सनाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन शतकांतली.

लेण्याद्रीला ह्या वेळी मी गणपतीच्या आधी शेजारच्या लेण्यात गेले, सहा नंबर. मागच्या वेळी ते आहे हेही माहीत नव्हतं, रांग सरळ सात नंबरकडे जाते, सगळे त्या रांगेबरोबर जातात. सहा नंबर म्हणजे चैत्यगृह, भिक्षूंची प्रार्थनेची जागा, आत दगडी स्तूप, दोन्ही बाजूंना खांब, खांबांच्या डोक्यावर हत्ती, सिंह असे प्राणी. आणि तिथल्या लेखात चैत्यगृह देणाऱ्याचं नाव आहे, कल्याणचा सुलसदत्त, हेरणिकाचा म्हणजे सोनाराचा मुलगा. कल्याणचा! म्हणजे काल आम्ही जिथे बसलो होतो त्या वाटेचं खालचं टोक. त्या माणसाने खाली कल्याणला कमावलं आणि वर जुन्नरला दान केलं. मी नवऱ्याला म्हटलं हा इकडे आला असेल तर नाणेघाटातूनच आला असणार, आणि आम्ही दोघं उगाच खूश झालो, जणू वाटेत भेटलेला माणूस परत दिसला.

मग गिरिजात्मज. अष्टविनायकातला डोंगरावरचा हा एकच गणपती, आणि तो एका विहारात आहे, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या जागेत. ती जागा नीट बघा. एवढा मोठा मंडप, तिन्ही बाजूंना छोट्या खोल्या, आणि मध्ये एकही खांब नाही. डोंगर पोखरून केलेलं छत दोन हजार वर्षं आधाराशिवाय उभं आहे. दर्शनाच्या घाईत मान वर करून कोणी बघत नाही. आम्ही कोपऱ्यात बसलो अर्धा तास, पुजारीकाका पण काही बोलले नाहीत, उलट लेकीला प्रसादाचा नारळ जास्तीचा दिला. उतरताना माकडांनी तोच नारळ पळवला, त्यामुळे खाण्याची पिशवी हातात धरू नका, सॅकमध्ये टाका.

तुळजा लेणी मला सगळ्यात जास्त आवडली. गावापासून चार-पाच किलोमीटरवर पाडळीकडे, शेतातून थोडं चालून आणि चढून जायचं. इथलं चैत्यगृह गोल आहे. बाकी सगळीकडे ते लांबट असतं, एका टोकाला स्तूप, इथे मात्र बारा खांब गोलात उभे, मध्ये स्तूप आणि वर घुमट. असा गोल आकार फार क्वचित सापडतो. खांब अगदी साधे, अष्टकोनी. त्या गोलात उभं राहून लेकीने हळू आवाजात "ओ" केलं आणि तो आवाज डोक्यावरून फिरून परत आला. आम्ही तिघंच होतो. बाहेर पावसाचं पाणी कातळावरून टपटपत होतं, खाली भात, मका. शेजारच्या एका खोलीत तुळजाभवानीची स्थापना आहे म्हणून हे नाव, गावातल्या बायका ओटी घेऊन येतात.

मानमोडीला आम्ही फक्त भूतलिंग गटाकडे गेलो. तिथलं चैत्यगृह अपुरं राहिलंय पण दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरलीय, कमळं, हत्ती, हात जोडलेली माणसं, आणि ह्या दर्शनी भागाचं दान चंद नावाच्या यवनाचं, असा लेख. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूकडून आलेली माणसं. जुन्नरच्या लेखांत असे तीन यवन आहेत, इरिल, चिट आणि चंद. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी म्हणजे संघ आहे, कासारांची, बांबूकाम करणाऱ्यांची आहे. कोणी पाण्याचं टाकं दिलंय, कोणी भोजनमंडप, एका शक (मध्य आशियाकडून आलेल्या) माणसाने तर करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमिनीचं उत्पन्न लावून दिलंय. राजे कमी आणि कामधंदा करणारी माणसं जास्त, हे मला ह्या लेण्यांचं फार आवडतं. (मानमोडीला आणि शिवनेरीच्या कड्यात आग्या मोहळं असतात. सेंट, धूर, आरडाओरडा टाळा, हे मनापासून सांगतेय.)

इरिलची गोष्ट वेगळी सांगते. त्याने दोन टाकी दिली शिवनेरीच्या लेण्यांत, आणि लेखातले शब्द आहेत "बे पोढियो". पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, ट्रेकिंग करणारी मंडळी हा शब्द अजून वापरतात. आणि बे म्हणजे दोन. मी हे रात्री घरी सांगत होते तर लेक जेवता जेवता म्हणाली, "बे म्हणजे बे एके बे वालं बे?" हो गं बाई, तेच. आत्याने हातातला डाव खाली ठेवला. आपण सगळ्यांनी पहिलीत घोकलेला बे, तो जुन्नरच्या कड्यात एका परदेशी माणसाच्या दानाच्या लेखात आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि आपण फक्त पाढ्यात तो सांभाळून ठेवलाय, एरवी दोन म्हणतो.

त्या रात्री मासवडी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्यात मासा नसतो, आकार माशासारखा दिसतो म्हणून मासवडी. आत्याने बेसन तिखट-मीठ-हळद घालून पिठल्यासारखं पण घट्ट शिजवलं, इतकं की ढवळताना हात दुखतो. मग ओल्या फडक्यावर ते गरम गरम हाताने पातळ थापलं, पाण्याचा हात लावत लावत, थांबायला सवड नाही कारण गार झालं की चिरतं. त्यावर तीळ, खोबरं, भाजलेला कांदा-लसूण, कोथिंबीर ह्याचं सारण एका रेषेत, आणि फडक्यासकटच उचलून गुंडाळी केली, वरून बोटांनी दाबून कड काढली, आणि सुरीने तिरक्या वड्या. काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी शिकायचा प्रयत्न केला, माझी गुंडाळी मधेच फुटली, आत्या म्हणाली "फडकं जास्त पिळलंस". हॉटेलांत मिळते तिथे, पण कोणाच्या घरी खायला मिळाली तर सोडू नका.

तिसऱ्या दिवशी पहाटे शिवनेरी. सहाला पायथ्याशी होतो. पायऱ्यांची वाट चांगली आहे, सात दरवाजे लागतात, महादरवाजा, परवानगी दरवाजा, हत्ती दरवाजा असं करत करत वर, मध्ये उजवीकडे शिवाई देवीचं देऊळ. धुकं होतं. १९ फेब्रुवारी १६३० ला इथे काय झालं हे सांगायची गरज नाही, प्रत्येक मराठी माणसाला ते पाठ आहे, त्या खोलीत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं त्यात शिवनेरी आहे. पण मला जे आधी माहीत नव्हतं ते हे, की महाराजांना हा किल्ला हयातीत परत मिळालाच नाही. १६५७ मध्ये त्यांनी खाली जुन्नरच्या पेठेवर रात्री छापा घातला, घोडे आणि पैसा घेऊन गेले, पण गड मोगलांकडेच राहिला. शाहू महाराजांच्या काळात, १७१६ ला, तो मराठ्यांकडे आला. आपण जिथे जन्मलो ते ठिकाण दिसतंय आणि आपलं नाही, हे किती वर्षं त्यांनी बघितलं असेल. मी त्या बदामी तळ्याच्या काठावर हाच विचार करत बसले होते.

गंगा-जमुना टाक्यांचं पाणी हात घातला तर कळ येईल इतकं गार. वर कोळी चौथरा आहे, तिथेही थांबा. सतराव्या शतकात महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला, तो मोडून काढला आणि पकडलेल्या माणसांची इथे डोकी उडवली. फारसं कोणी तिकडे फिरकत नाही, आम्ही गेलो तेव्हा फक्त एक म्हातारे गृहस्थ होते, हात जोडून उभे. कडेलोटाच्या टोकावरून धुकं विरल्यावर सगळं एकदम दिसलं, खाली जुन्नरची कौलं आणि स्लॅब, समोर लेण्याद्री, पलीकडे माणिकडोहचं पाणी, आणि लांब पश्चिमेला जीवधन. चावंड, हडसर, निमगिरी, जीवधन, शिवनेरी, हे सगळे किल्ले नाणेघाट आणि त्याच्या आसपासच्या वाटा राखायलाच आहेत हे नकाशापेक्षा तिथे उभं राहून जास्त चटकन कळतं.

दुपारी गावात भटकलो. जुनी पेठ, लाकडी खांबांचे वाडे, बरेचसे पडायला आलेले, काही पाडून तिथे दुकानांचे गाळे झालेत. जुन्नरमध्ये पूर्वी हातकागद बनायचा, जुन्नरी कागद म्हणून नाव होतं, मोडी दफ्तरं त्यावर लिहिलेली आहेत. आता त्यातलं काही चालू नाही. गावाजवळ हापूसबाग नावाचं खेडं आहे, आंब्याशी संबंध नसून हबशीबागेवरून ते नाव आलं असं सांगतात, हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसं. जुन्नरचा आणि निजामशाहीचा जुना संबंध आहे, मलिक अहमदने १४९० च्या सुमारास इथूनच सत्ता उभी केली, नगर शहर त्यानंतर वसलं, आणि पुढे मलिक अंबरच्या काळात, तो स्वतः हबशी होता, जुन्नर काही वर्षं राजधानी होतं. हापूसबागेत जुना महाल आहे पडक्या अवस्थेत, आणि जवळच सौदागर घुमट. सौदागर, परत व्यापारीच! भलामोठा घुमट, बाहेरच्या भिंतींवर नक्षीच्या पट्ट्या, भोवती शेती, शेतात टोमॅटोची बांधणी चाललेली, आणि तो इतका शांतपणे मध्ये उभा की मला तिथून निघावंसं वाटेना. इतक्या सुंदर इमारतीकडे जायचा रस्ता दाखवणारी नीट पाटी नाही, दोनदा विचारावं लागलं. २०१८ मध्ये जुन्नर हा राज्यातला पर्यटन तालुका जाहीर झाला, मग अशा जागांना एक पाटी आणि एक राखणदार मिळायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही.

बाकी जे बघितलं ते भराभर सांगते. चावंडच्या पुढे पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ, कुकडी नदीचा उगम तिथे मानतात, जुनं दगडी देऊळ, दारावरची कोरीव चौकट बघायला वेळ ठेवा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही एका जागी आणि बाकीच्या वाय आकारात पसरलेल्या, गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी सगळ्यांसाठी उघडी असते, लेकीला तेव्हा परत आणायचं कबूल केलंय. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. आणि बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, इंडोनेशियातल्या टोबाच्या स्फोटातली ७४ हजार वर्षांपूर्वीची राख असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, काही म्हणतात त्याहून कितीतरी जुनी. चिमटीत घेऊन बघितली, पिठासारखी मऊ, करड्या रंगाची.

आणि बिबट्या. लोक विचारतात म्हणून लिहितेय. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगा, पाटाचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्यांना वर्षभर लपायला जागा मिळाली. त्यांच्या पिढ्या आता उसातच वाढतात. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नका, लहान मुलांना तर एकटं अजिबात सोडू नका, तिथली माणसं हे रोज जगतायत, आपण दोन दिवसांचे पाहुणे, त्यांनी सांगितलेलं ऐकायचं.

चौथ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. सकाळी चहा घेताना मी आत्याला म्हटलं, "चला, तुम्हाला घाटात नेते." ती नको नको म्हणाली, गुडघे, वय, स्वयंपाक राहिलाय. नवरा म्हणाला, "आत्या, काल दिवसभर तूच विचारत होतीस ना त्या राणीचं, मग चल की." मग ती आत गेली आणि पाच मिनिटांत चांगली साडी नेसून, पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज घालून बाहेर आली.

घळीतून उतरायला आम्हाला पहिल्या दिवशी जेवढा वेळ लागला होता त्याच्या तिप्पट लागला. एका बाजूला नवरा, एका बाजूला मी, लेक पुढे राहून प्रत्येक दगड दाखवत होती, "आज्जी इथे पाय, आता इथे." मध्ये दोनदा बसली. वारा कमी होता त्या दिवशी. लेण्यात पोचल्यावर ती बाकावर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि आधी काही बोललीच नाही. मी टॉर्च तिरका धरून भिंत दाखवली, हे अंक, हे देवांना नमस्कार, ह्या गायी, हे घोडे. मग समोरच्या भिंतीवरची नावं.

"ह्यातले तिचे कुठले?" तिने विचारलं.

मी नाव दाखवलं आणि त्याच्या खालची खूण. ती उठली, जवळ गेली, हात लावायला पुढे केला आणि लेकीकडे बघून परत मागे घेतला, कारण लेकीने वरतीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तशीच वाकून बघत राहिली.

"म्हणजे हे सगळं बाईनंच लिहून घेतलं होतं," ती म्हणाली, "आणि मला म्हणाले बायकांनी कशाला उतरायचं."

वर चढून आल्यावर रांजणापाशी दम खायला थांबली. कमरेचा बटवा काढला, त्यातून एक रुपया शोधला आणि आत टाकला. तो तळाला लागल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभी होती.